गुरुवारचे कप

व्हर्लीन हगिन्सच्या खोलीत एक शब्द उच्चारायची सोय नव्हती. दमदार. कुणाच्याही कामाला दमदार म्हणालात की त्या संध्याकाळचे सगळ्यांचे चहाचे कप तुम्ही धुवायचे. वय, मान, पाहुणा, काही चालायचं नाही. एकदा चर्चचे पाद्री सहज डोकावले, भिंतीवरचं चित्र बघून तो शब्द बोलून गेले आणि मुकाट्याने बाह्या सरसावून सिंकपाशी उभे राहिले.

खोली इंग्लंडात, लीड्समधल्या चॅपलटाउन वस्तीच्या चर्चमागची. दर गुरुवारी आम्ही तिथे जमायचो. काळे, सावळे चित्रकार, शिल्पकार, आणि मी कापडावर ठसे उमटवणारी. माझे आईवडील पाकिस्तानकडच्या काश्मीरमधल्या मीरपूरचे, व्हर्लीनचे कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरचे. पण शहरातल्या कलेच्या दुनियेने आम्हा सगळ्यांना एकाच खणात कोंबलं होतं, तेव्हा म्हटलं, एकत्रच बसू.

कपांची ही शिक्षा व्हर्लीनच्या कॉलेजातून आली. वर्गात ती एकटीच काळी. बाकीच्यांच्या कामाची मास्तर चिरफाड करायचे, हे वाकडं झालंय, ते उसनं वाटतंय, परत कर. हिच्या मातीच्या भांड्यांपाशी आले की मान डोलवायचे, "व्हर्लीन, फार दमदार," आणि पुढे सरकायचे. काही बोललो आणि लोक भलतंच समजले तर, ही त्यांची धास्ती. "माझ्या कातडीला घाबरून त्यांनी मला अडाणी ठेवलं," ती म्हणायची. जे कॉलेजात कळायला हवं होतं ते ती पुढे स्वतःच्या चुकांमधून शिकली, दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढून झाल्यावर.

म्हणून ही खोली. मधल्या स्टुलावर काम ठेवायचं, करणाऱ्याने तोंड मिटून बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं.

"शाहीन, हा मोर तुझा आहे की तुझ्या आईच्या पडद्याचा?" तिने मला पहिल्याच गुरुवारी विचारलं होतं.

मी बसमध्ये बसून रडले. पण मोर गेला, आणि त्यानंतर माझं कापड विकलं जायला लागलं.

मुलाखतीची तालीमही तीच घ्यायची. नाकाच्या टोकावर चष्मा ठेवून कलादालनाची बाई व्हायची. "तुमच्या कामातून तुमच्या समाजाच्या वेदनेबद्दल काय सांगाल?" आम्ही अडखळलो की चष्मा काढायची. "वेदना गेली खड्ड्यात, काम कसं केलंय ते विचारा, असं म्हणायचं. पण गोड हसून म्हण हं, नाहीतर चहासुद्धा देणार नाहीत."

डेमियन लिबर्ड तिच्या हाताखाली असाच घडला. सुताराचा मुलगा, लाकडात हात चांगला, पण चार लोकांत तोंडातून शब्द फुटायचा नाही. गेल्या वर्षी शहरातल्या मोठ्या कलादालनाने त्याचं एकट्याचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा आम्ही रस्त्यावर नाचलो होतो. मग त्यांनी त्याला निवड समितीवर बोलावलं. तो नको म्हणत होता. व्हर्लीन हटून बसली.

"आपलं कुणीतरी त्या टेबलाशी पाहिजे. आणि नुसतं बसायला नाही पाठवत तुला. तोंड उघडायचं!"

तिनेच त्याची तालीम घेतली. तिनेच त्याला कोट निवडून दिला.

साठी उलटल्यावर तिने स्वतःच्या प्रदर्शनासाठी पहिल्यांदा अर्ज केला, त्याच कलादालनाकडे. तिची आजी नेव्हिसला जशी मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडी करायची, तशी तिने माणसाच्या उंचीची पाच केली होती. आम्ही ती स्टुलाशी उभी करून शब्दांनी सोलून काढली. तिने दोन फोडली, परत केली. त्या खोलीत झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच होतं, आणि मी हे प्रेमापोटी म्हणत नाही. प्रेमापोटी आम्ही एकमेकांशी खोटं बोलत नव्हतो.

नकार आला. कारण दिलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी डेमियन आला, हातात दुकानातला आल्याचा केक. व्हर्लीनने तो बाजूला सरकवला.

"बस. का नाही म्हणाले?"

"आंटी, आतलं बाहेर सांगता येत नाही. नियम आहे."

"आत तुला पाठवलं कुणी?"

तो केकच्या दोरीशी चाळा करत राहिला.

"हे बघ बाळा," ती म्हणाली, "काम वाईट असेल तर सांग. इतकी वर्षं मी तुझं चिरलं, आता तू माझं चीर. भांड्यांचे खांदे जड झालेत? भाजणं फसलं? सांग, मी परत करते. दुसरं काही असेल तर तेही सांग. उगाच मला मातीला दोष देत बसायला लावू नकोस."

तिला असं कुणाकडे काही मागताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्याची कॉलर धरावीशी वाटली.

"आंटी, काम… खरं सांगतो, फार दमदार होतं."

कुणी हसलं नाही. व्हर्लीनने फक्त सिंककडे बोट दाखवलं.

तो उठला. तिनेच निवडलेला कोट खुर्चीवर टाकला, नळ सोडला. आमच्याकडे पाठ झाल्यावर त्याला कंठ फुटला.

"कामाबद्दल कुणी बोललंच नाही. म्हणाले, गेल्या वर्षीच डेमियनचं झालं. लगेच परत तसलंच कशाला."

"तसलं म्हणजे? तू लाकूड करतोस, मी माती करते."

"हो."

"आणि तू काय म्हणालास?"

नळ वाहत होता. त्याने एकेक कप घासला, विसळला, पालथा घातला. आमचे संपले. मग त्याने फळीवरचे कप खाली काढले, चर्चच्या रविवारच्या चहाचे, आणि तेही घासायला घेतले. व्हर्लीन त्याच्या पाठीकडे बघत बसली होती.

"ते राहू दे, डेमियन," शेवटी ती म्हणाली. "ते कुणी उष्टे केलेले नाहीत."

त्याने नळ बंद केला नाही.