खार्टूमचा नियम सोनारीत लागू झाला तेव्हा

"सोनारीला जायचंय, तिथं काय बघावं?" असं नातीच्या मैत्रिणीनं विचारलं आणि नातीनं हा ब्लॉग उघडून माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा, मी टाइप करते." मी म्हटलं, सांगतो बाई, पण माझी सोनारी साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची. काळभैरवाचं देऊळ आहे तिथंच आहे, माकडंही हललेली नाहीत. रस्ते सुधारलेत म्हणतात. माणसांचं तुम्ही बघून या आणि मला कळवा.

तर आमचं जायचं ठरलं ते असं. संस्थान संपलं, आम्ही भारतात आलो, मग मुंबई राज्यात आलो. भूमला मात्र काहीच आलं नव्हतं. आलं होतं ते फक्त फुटबॉलचं वेड, तेही हैदराबादहून. तिकडं शिकून आलेल्या एका ड्रिल मास्तरनं ते गावात सोडलं आणि स्वतः बदली करून घेतली. आम्ही पोरं अडकलो. आमचा कॅप्टन हबीब. त्याचं सायकलचं दुकान होतं, म्हणून चेंडूचं पंक्चर फुकटात निघायचं; कॅप्टनकीला एवढी लायकी पुरे. मी डावा बॅक. चेंडू आला की डोळे मिटून लांब हाणायचा, एवढंच माझं काम. आणि आमचा गोलकीपर सोपान.

सोपान रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. हात असे की पडता उंबर झेलावा. त्याच्या वस्तीनं नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतली होती. गावानं मात्र त्यातून काहीच घेतलं नव्हतं. मैदानावर तो आमचा आणि मैदान संपलं की वस्तीचा, असा सगळा सोयीचा कारभार. भूमला गोलपोस्ट म्हणजे दगडांचे दोन ढीग. चेंडू आत गेला की बाहेर, यावरच निम्मा खेळ भांडणात जायचा. सोपान म्हणायचा, "एकदा जाळी लावलेल्या गोलात हुबं ऱ्हायचंय. मागं जाळी, म्होरं माणसं. मग हरलो तरी चालंल."

आणि सोनारीहून निरोप आला की जाळी लावली आहे.

निरोप धाडणारे सोनारीचे हवालदारकाका. मोठ्या लढाईत ते सुदानात जाऊन आलेले, आणि तेव्हापासून खार्टूम जणू त्यांची सासुरवाडी. त्या खार्टूमात आफ्रिकेतल्या देशांची पहिली फुटबॉल स्पर्धा झाली, असं त्यांनी पेपरात वाचलं. अख्खं खंड, आणि संघ किती? कागदावर चार. सुदान, इजिप्त, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं, आम्ही गोरे आणि काळे एका संघात घालणार नाही. बाकीचे म्हणाले, मग तुम्ही घरीच बसा. झालं, उरले तीन! इथिओपियाचा सामना दक्षिण आफ्रिकेशीच होता, त्यामुळं इथिओपिया चेंडूला पाय न लावता थेट फायनलला. तिथं इजिप्तनं त्यांच्यावर चार गोल चढवले, तो भाग वेगळा.

हवालदारकाकांचा हिशोब सरळ होता. "चार संघांत खंडाचं होतंय, तर चार संघांत जिल्ह्याचं का न्हाय?" सोनारी, भूम, परांडा आणि तुळजापूर असे चार संघ ठरले. नियम लिहायला परांड्याचे वकीलसाहेब. त्यांनी पहिलाच नियम खार्टूमहून उचलला: जो संघ खेळाडूंत भेद करील तो बाद समजावा. हा नियम कधी लागू होईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसावं. आपल्याकडं गोरे होतेच कुठं?

थंडीचे दिवस. सकाळच्या मोटारीनं आम्ही निघालो. तेव्हाची मोटार म्हणजे बसायला फळी, धरायला नशीब. इंजिन तापलं की ड्रायव्हर उतरून विहीर शोधायचा आणि उतारू जोंधळ्याच्या रानात शिरायचे. आता भूमहून परांड्याला म्हणे तासाभरात पोचतात. पोचा बापडे, पण मग हुरडा कुठं खाणार? एका रानमालकानं आम्हाला शेकोटीशी बसवून पोटभर हुरडा दिला, वर शेंगाची चटणी. पैसे घेईना. एवढंच विचारलं, "हे पोरगं कुणाचं?" सोपाननं स्वतःच सांगितलं. मालकानं हसून त्याचा हुरडा पळसाच्या पानावर लांब ठेवला. माणूस प्रेमळ, अंतर चोख! सोपाननं तिथंच बसून तो खाल्ला. चेंडू मात्र सबंध वाटेत त्यानं मांडीवरून खाली ठेवला नाही.

परांड्याला उतरल्यावर किल्ला जरूर बघा, तोफा आहेत. आम्ही बघितला नाही, कारण हबीब म्हणाला, "तोफा कल भी रहेंगे जी, बैलगाडी नै रहेगी." पुढं सोनारीपर्यंत बैलगाडी. जाणाऱ्यांना एक कळकळीची सूचना: सोनारीत हातात केळी घेऊन उतरू नका. आमच्या मध्यंतराची लिंबं माकडांनी गाडीतूनच पळवली. त्यांनी कुणाचं लिंबू, कुणी शिवलेलं, असली चौकशी केली नाही हे सांगायला हवं.

मैदान बघून सोपानचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. सीनाकाठच्या भोयांकडून मासे धरायची जाळी आणून हवालदारकाकांनी दोन्ही गोलांना बांधली होती. सोपाननं जाळीला हात लावला, ओढून बघितली, बोटं अडकवून बघितली. मला म्हणाला, "शिवा, ही मासोळीची हाय. चेंडू काय, वाराबी न्हाय जायचा." वासही येत होता, पण त्याला त्याचं काय!

तुळजापूरचा संघ आलाच नाही. म्हणजे परांडा थेट फायनलला, आणि आमची गाठ सोनारीशी. आधी भाषण. वकीलसाहेबांनी कोटाची बटणं लावली आणि दक्षिण आफ्रिकेवर जे तोंडसुख घेतलं! "कातडीवरून माणसाला दूर ठेवणाऱ्या त्या गोऱ्यांना मी या मैदानावरून विचारतो, तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" टाळ्याच टाळ्या. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या सोनारी संघाच्या कारभाऱ्यांनी वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर तेच कारभारी वकीलसाहेबांच्या कानाशी लागले आणि सामना थांबला.

कारभाऱ्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. "तुमच्या सोपानानं खेळू नये, असं आमी म्हणतच न्हाय. खेळू द्या की! पायानं खेळू द्या. पायाला कसला आलाय इटाळ? पण गोलकीपर हातानं धरतो. त्यानं हातात घेतलेला चेंडू मग आमच्या पोरांनी डोक्यावर घ्यायचा?"

एवढा खोल विचार फुटबॉलवर साहेबांच्या देशातही कुणी केला नसेल.

वकीलसाहेब म्हणाले, "मुद्दा तांत्रिक आहे." आणि लगेच तोडगा काढला: कडेला एक माणूस पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहील, सोपाननं चेंडू धरला की तो पळत जाऊन चेंडूवर पाणी शिंपडेल, मग खेळ पुढं चालू. हबीब म्हणाला, "वकीलसाब, चेंडू चामडेका है. वो जानवर कौनसा था, ये भी पूछ लेव."

"हे पाहा, तिकडचा तो भेद," वकीलसाहेब घसा खाकरून म्हणाले, "आणि हा आपला रिवाज."

तेवढ्यात सोपान पुढं आला. चेंडू काखेत. आवाज चढलेला नाही, पण कान लाल झालेले. "साहेब, एक इचारू का? त्या दक्षिण आफ्रिकेतला काळा गोलकीपर हितं आला, तर त्याला हातानं धरू देताल?"

"अवश्य! त्याचा तर आम्ही सत्कार करू!"

"मग मला त्यो समजा."

वकीलसाहेब कोटाच्या खिशात रुमाल शोधायला लागले. मला इतका राग आला होता की पायातला बूट काढून हाणावा, पण बूट हबीबच्या मामाचा होता.

हवालदारकाका आतापर्यंत जाळीशी उभे होते. गाव त्यांचं, स्पर्धा त्यांची, चषकही त्यांनीच सोलापूरहून आणलेला. सोनारीनं जिंकावा म्हणूनच आणलेला, हे काय लपून होतं? ते मैदानाच्या मधोमध आले. म्हणाले, "लढाईत माझ्या तोंडाला पाणी कुणी लावलं, मला ठावं न्हाय. जात इचारत बसलो असतो तर आज हितं शिट्टी वाजवाया उरलो नसतो." आणि खरंच शिट्टी वाजवली. "सोनारी बाद!"

मग जो गलका झाला! कारभारी लालबुंद. "घरचाच माणूस घर बुडवतोय!" कुणी हवालदारकाकांचा पटका उडवला. पंगतीसाठी शिजलेली येसराची आमटी बाया परत उचलून घेऊन गेल्या. येसराची आमटी सोनारीला जाऊन खावी असं सगळे सांगतात. मी तिचा फक्त वास घेतलेला आहे. पण सोनारीतल्या लोकांना जाळी तेवढी सोडून नेता आली नाही, कारण हवालदारकाका जाळीला पाठ लावून उभे राहिले होते.

आम्ही फायनलला. पायाला धूळही न लागता, अगदी इथिओपियासारखे. आम्ही नाचायला लागलो, तर सोपान खाली बसलेला. म्हणाला, "असं नगं रं. आता परांडेवालेबी न्हाय म्हणत्याल, चषक देत्याल नि घरी धाडत्याल. म्या जाळीत हुबंच ऱ्हायचो न्हाय."

पण इथं वकीलसाहेबांनी कमाल केली. त्यांच्या ध्यानात आलं की परांड्यानं नकार दिला तर चषक फुकटात भूमला जातो. तत्क्षणी ते सुधारक झाले! आपल्या पोरांना ओरडून म्हणाले, "आपण पुरोगामी आहोत. चला, उतरा मैदानात!" तांब्यावाल्यालाही त्यांनीच हाकलून दिलं. समतेचा असा झपाट्यानं झालेला प्रसार मी पुन्हा पाहिला नाही.

आणि सोपान उभा राहिला. मागं जाळी, पुढं माणसं. पहिला चेंडू त्यानं असा झेलला की गलका करणारे सोनारीकरही पुढं सरकून बघायला लागले. दुसरा मुठीनं उडवला. तिसऱ्याला परांड्याचा उंच फॉरवर्ड हवेत उडी मारून त्याच्यावर आदळला आणि दोघं एकमेकांत गुंतून धुळीत लोळले. मला वाटलं, आता होतंय काहीतरी. फॉरवर्ड उठला, गुडघा झटकला आणि हात पुढं करून म्हणाला, "लागलं का रं?" सोपान त्याचा हात धरून उठला. आभाळ काही पडलं नाही. सामना आम्ही एका गोलानं जिंकलो. तो गोल मी लांब हाणलेल्या चेंडूवर झाला. डोळे मिटलेले असल्यामुळं मला तो दिसला नाही.

चषक वकीलसाहेबांनी सोपानच्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला आणि लांबूनच हात जोडले. लोकांना तो नम्रपणा वाटला.

परतीच्या मोटारीत आता चेंडूऐवजी सोपानच्या मांडीवर चषक. भूमला स्टँडवर माणसं जमलेली. गुलाल, हलगी, सगळं. स्टँडजवळच्या हाटेलवाल्या मल्लाप्पांनी तर हात धरून आत ओढलं. "आज चहा माझ्याकडून! जिल्ह्याचं नाव काढलं रे पोरांनो. त्या वकिलाची काय जिरवली, वा!" सगळ्यांपुढं कपबश्या आल्या. सोपान नेहमीसारखा पायरीवर उभा. मल्लाप्पांनी बोलता बोलता, सवयीनं, बाहेरच्या कोनाड्यातला दांडी तुटलेला कप काढून त्याच्यापुढं ठेवला. त्यात कपट नव्हतं हो. हात आपोआप गेला.

हलगी चालूच होती. सोपाननं तो कप उचलून परत कोनाड्यात ठेवला. मग पायरी चढून आत आला, मेजावर चषक ठेवला आणि म्हणाला, "मल्लाप्पा, ह्यात वता."

मल्लाप्पा किटली धरून उभे. आमच्याकडं बघतात, चषकाकडं बघतात. "अरे पण... हा सगळ्यांचा ना?"

"व्हय की. म्हणूनच म्हणतोय."

मल्लाप्पांनी ओतला. थोडा मेजावर सांडला. सोपान सावकाश प्यायला आणि चषक मेजावर सरकवला. कुणाच्या पुढं असा नाही, नुसता मध्ये. हबीबनं आधी उचलला. "शक्कर कम है जी," म्हणाला. तिसरा मी. चहा गार झाला होता, पितळेची चव लागत होती. आमच्यातले तिघं कपबश्या तशाच भरलेल्या ठेवून उठून गेले. त्यांची नावं लिहीत नाही. त्यांची नातवंडं हा ब्लॉग वाचतात.

ती स्पर्धा पुन्हा कधी भरली नाही. हवालदारकाकांनी जाळी भोयांना परत केली. आफ्रिकेतली मात्र चालू राहिली. पुढच्या वेळीही तिघंच होते म्हणे, मग वाढत गेले. दक्षिण आफ्रिकेला परत यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. आमच्याकडं कोण कधी परत आलं, ते मोजायला कुणी बसलं नाही.

सोपान तीन वर्षांपूर्वी गेला. चषक त्याच्या सुनेकडं आहे. परवा नातीला घेऊन तिच्याकडं गेलो होतो. तिनं चषक खाली काढला. बाहेरून चिंच लावून लखलखीत घासलेला. आत डोकावलो तर तळाशी चहाचं काळपट वळं तसंच. मी विचारलं, "आतून घासत नाहीस का गं?"

"मामंजी घासू देत नव्हते," ती म्हणाली. आणि चहा टाकते म्हणून आत गेली.