पाव राज्याचा राजा

"सर, ह्या तुम्हीच लिवलात मा?"

सगुणकाकांनी माझी कादंबरी टेबलावर आपटली. हळर्ण गावाहून बस पकडून थेट आमच्या लॉ कॉलेजच्या स्टाफरूममध्ये! मी वारसा कायदा शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. या कादंबरीतला बाप रागाच्या भरात मृत्युपत्र करून सगळी बागायत देवळाला देऊन टाकतो, मुलाला कवडीही ठेवत नाही.

"माका पण तसाच मृत्युपत्र करूचा हा. झिलाक एक माड मिळता नये."

"मुलाने केलं काय?"

"राजा झालो!"

गावच्या जत्रेतलं नाटक. इतकी वर्षं राजा म्हणजे सगुणकाकाच. यंदा तालीम मास्तरांनी राजा मुलाला दिला आणि काकांना द्वारपाल केलं. काकांचे डोळे भरून आले होते. मला मेलं हसू आवरेना.

मग वर्गात सांगतो तसं सांगितलं. गोव्यात लग्न झालं की साधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता एक होते. अर्धी तिची. उरलेल्या अर्ध्यातली अर्धी मुलांसाठी राखीव, तिला लेजिटिम म्हणतात. मृत्युपत्र करून वाटेल त्याला देता येतो तो फक्त पाव हिस्सा.

"आणि नाटकात राजा झाला म्हणून मुलाला बेदखल करता येत नाही, काका."

"मग तुमच्या कादंबरीत कसा चलला?"

"ती कादंबरी आहे हो..."

"शिरा पडो त्या कादंबरीर! वकिलांचे मास्तर आणि खोटा लिवतात? ऱ्हवा, जित्तो आसतानाच दान करतंय!"

"जमीन दान द्यायला काकींची सही लागते."

"ती सही मेळाची नाय!"

आवाज दारातून आला. तिथे काकी उभ्या. मागे हेल्मेट धरून नवा राजा. दोघं स्कूटरने बसचा पाठलाग करत आले होते.

काकींनी तिथेच निकाल दिला. "झिला, नाटकात तू दारार उभो ऱ्हव. राजा ह्येंका होऊ दे. आणि तुमी, परत मृत्युपत्राचा नाव काढलात तर घरात जेवाण नाय!"

"बरा झाला," मुलगा म्हणाला, "माका ती भाषणा पाठच होत नव्हती."

जत्रेला मला पहिल्या रांगेत बसवलं. शेवटच्या अंकात राजाने मुकुट उतरवला. "प्रधानजी, आमचं हे संपूर्ण राज्य..." इतक्यात त्यांना मी दिसलो. काका अडखळले, मग छाती फुगवून गरजले, "...यातलं पाव राज्य तुम्हाला दिलं! बाकीचं महाराणींचं आणि युवराजांचं. कायदाच आहे तसा!"

द्वारपालाने भाला टाकून टाळ्या वाजवल्या.

हाच धडा मी दरवर्षी शिकवतो आणि मुलं जांभया देतात. काकांना वन्समोअर मिळाला.