चार चौकार आणि एक कोपर

भिलाईत आमच्या हुडको वसाहतीच्या बाजारात माझ्या नवऱ्याला भाजी घ्यायला नेहमी उशीर होतो. भेंडी निवडता निवडता कुणीतरी येऊन हात धरतं. "भैया, पहचाने?" ते ओळखत नाहीत, पण हो म्हणतात. मग तो माणूस सोबतच्याला सांगू लागतो, कोण आहेत माहीत आहे का, रायपूरच्या मॅचमध्ये यांनी एका ओव्हरमध्ये चार चौके मारले होते. गोलंदाज असा, की त्याला अख्खा देश ओळखायचा. मी पिशवी घेऊन बाजूला उभी असते. कधी कुणी माझ्याकडे बघून "भाभीजी नमस्ते" म्हणतं, आणि मी मान हलवते.

मी वेटलिफ्टर होते. राष्ट्रीय स्पर्धेत सोनं, चांदी दोन्ही मिळवलेली, आणि एकदा देशाची जर्सी घालून परदेशात जाऊन आलेली. माझे मिस्टर क्रिकेटचे, राज्याच्या संघापर्यंत गेलेले. आम्हा दोघांनाही खेळामुळेच स्टील प्लांटात नोकरी लागली. ते स्टोअरमध्ये, मी टाइम ऑफिसात. दोघांचेही वडील भंडाऱ्याकडून इथे कामाला आलेले, एकाच समाजाचे, म्हणून लग्न जुळायला वेळ लागला नाही. बघायला आले तेव्हा सासूबाईंनी मला विचारलं होतं, लोखंड उचलून उचलून पुढे बाळंतपणाला काही त्रास नाही ना होणार. माझ्या वडिलांनी मात्र यांना त्या चार चौकारांबद्दल विचारलं. चहा थंड झाला तरी ते ऐकतच होते.

याचा मला राग यायचा असं नाही. सुरुवातीला यायचा थोडा, मग तोही थकला. शेजारणी विचारायच्या, "तुम भी कुछ खेलती थी ना?" वेटलिफ्टिंग म्हटलं की त्या माझ्या दंडाकडे बघायच्या आणि विषय बदलायच्या. पदकं आमच्या कपाटात साड्यांच्या वरच्या कप्प्यात आहेत. मिस्टरांचा एक फोटो, बॅट उंचावलेला, हॉलमध्ये लावलेला आहे. तो सासऱ्यांनी फ्रेम करून आणलेला. काढावा असं कधी कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही.

मागच्या हिवाळ्यात दुर्गला समाज भवनात खेळाडूंचा सत्कार ठेवला होता. रविवार होता, सकाळचा कार्यक्रम. आमच्या दोघांचंही नाव पत्रिकेत होतं. मुलीला चल म्हटलं, तर ती म्हणाली, "मम्मी, मेरा टेस्ट है," आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं स्कूटरने गेलो.

वंदना झाली, हार घालून झाले, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी यांची ओळख करून द्यायला घेतली. चारही चौकार त्यांनी एकेक करून सांगितले, कुठला कव्हर्समधून, कुठला गोलंदाजाच्या डोक्यावरून. मला खात्री आहे, गुरुजी त्या मॅचला नव्हते. टाळ्या खूप वाजल्या. मग माझं नाव घेऊन म्हणाले, "यांच्या सौभाग्यवतीसुद्धा खेळाडू होत्या, वजन उचलण्यात." शाल मिळाली, नारळ मिळाला. मी नमस्कार करून खुर्चीवर येऊन बसले. पाय दुखत होते, दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती, आणि माझ्या डोक्यात घरी कणीक मळून ठेवली आहे की नाही एवढंच होतं.

मग पहिल्या रांगेतले एक निवृत्त काका उठले. मोठ्या प्रेमाने, माइक न घेताच त्यांनी विचारलं, "बेटा, एवढा गुण होता तुझ्यात, मग पुढे कावून नाही गेला?"

सगळं सभागृह ऐकू लागलं. मिस्टर उभे राहिले, हसले, आणि नेहमीचं उत्तर दिलं. नशीब, वरचं राजकारण, छोट्या शहराच्या पोरांना कोण विचारतं. काकांनी चुकचुक केलं. मागून कुणीतरी म्हणालं, अन्यायच झाला. पुन्हा टाळ्या वाजल्या. मिस्टर खाली बसले तेव्हा त्यांनी मांडीवरची शाल घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. मी नुसती बघत होते.

परतताना पद्मनाभपुरला चुलतसासऱ्यांकडे चहाला जायचं ठरलं होतं, पण त्यांनी स्कूटर वळवलीच नाही. घरी आल्यावर मी कुकर लावला. ते स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभे राहिले. तिथे ते सहसा येत नाहीत.

"मी आता अशा कार्यक्रमात जाणार नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, नका जाऊ. मला वाटलं ते थकलेत.

मग म्हणाले, "तुले बरं आहे. तुले कोणी विचारत नाही. मले जो भेटते तो हेच विचारते. तारीफ करते आन् मंग हे विचारते."

मी डाळ धुत होते. पाणी ओतून दिलं, भांडं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला काहीतरी म्हणावंसं वाटलं, आणि आवाज चढवायची ताकद नव्हती म्हणून हळूच म्हणाले, "मले विचारायला पाहिजे होतं कोणीतरी."

त्यांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा थोडा उतरला, कारण त्या कोणीतरीमध्ये तेही होते. मुलगी बारावीला आली, तेवढ्या संसारात त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"मंग कावून नाही गेली तू?"

मी सांगितलं. परदेशातून आल्यावर मोठ्या स्पर्धेच्या शिबिराला बोलावलं होतं. माझ्या वजनगटात अजून एक मुलगी होती, म्हणून मला वरच्या गटात खेळ म्हणाले. मी खाल्लं. भूक नसताना, रडत रडत खाल्लं. अंगावर वजन चढलं, पण ताकद त्याच्यासोबत आली नाही. एका सकाळी जर्कला, म्हणजे छातीवरून वर ढकलताना, बार डोक्यावर गेला आणि उजवं कोपर मागच्या बाजूला वळलं. आवाज मला ऐकू आला, हॉलमधल्या सगळ्यांना आला. प्लास्टर झालं, ते निघालं, व्यायाम झाले. डॉक्टर म्हणाले, हात बरा आहे.

"आन् होता बरा?"

"हात बरा झाला होता. मी नव्हती झाली."

बारजवळ गेले की तोंड कोरडं पडायचं. बार छातीपर्यंत यायचा, तिथून वर जायचाच नाही. हलक्या वजनालासुद्धा. कोच म्हणायचे धक्का दे, आणि माझा हात माझं ऐकायचा नाही. काही महिने हॉलमध्ये जाऊन नुसती बसून यायचे, घरी सांगायचे सराव झाला. मग नोकरीचा कागद आला आणि सगळ्यांना वाटलं, आता पोरीचं भलं झालं. कुणी विचारलं असतं तर मी दुखापत झाली म्हणून सांगितलं असतं. भीती वाटली हे सांगितलं नसतं बहुतेक. पण विचारलं असतं, तर निदान काय सांगायचं ते मला ठरवावं लागलं असतं.

मला वाटायचं, ही खूप मोठी गोष्ट आहे, सांगायला बसले तर दिवस जाईल. कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत ती संपली.

त्यांनी ओट्याखालच्या सिलिंडरकडे बघितलं. मग म्हणाले, सिलिंडर तू डाव्या हातानेच सरकवतेस, मला वाटायचं सवय आहे तशी. मी म्हटलं, सवयच आहे आता. त्यांनी विचारलं, दुखते का. थंडीत, मी म्हणाले.

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. त्याला वेळ अजूनच कमी लागला.

"मी तेवढा चांगलाच नव्हतो," ते म्हणाले. "त्या दिवशी बॉल दिसत होता, बस. आधी कधी तसा दिसला नाही, नंतर बी नाही. राजकारण गिजकारण काही नव्हतं. तू तं देशासाठी खेळून आली. मी त्या पोरांसोबत नेटमध्ये उभा राहिलो तवाच मले समजलं होतं."

हे ते कुणालाही सांगू शकत नाहीत, कारण लोकांना ते ऐकायचंच नसतं. लोकांना अन्याय झालेला आवडतो. मला पहिल्यांदा त्यांची कीव आली. मला कुणी बघितलं नाही, त्यामुळे माझी हार माझ्यापाशीच राहिली. त्यांची हार मात्र बाजारात, लग्नात, शिफ्ट बदलताना गेटवर लोक रोज प्रेमाने बाहेर काढतात आणि वर हार घालतात. दोघांपैकी कोणाचं बरं, ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. आजही येत नाही. आम्ही जेवलो आणि ते भर दुपारी झोपले.

त्यानंतर फार काही बदललं असं नाही. ते कार्यक्रमांना नाही म्हणू लागले. मला मात्र अहिवाऱ्याच्या एका मुलींच्या शाळेतून निमंत्रण आलं, बहुधा त्यांनीच कुणाला तरी सांगितलं असावं. मी विचारलं नाही. मी एकटी बसने गेले. मुख्याध्यापिकेने गेटवर माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, सर नहीं आए? मी म्हटलं, उनकी ड्यूटी है.

मैदानात बांबूची काठी घेऊन मी मुलींना बार कसा धरायचा ते दाखवलं. पाठ सरळ, टाच जमिनीला, नजर समोर. त्या हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. दोघी-तिघी मात्र काठी परत द्यायला तयार नव्हत्या. ती परत घेऊन मी छातीपर्यंत आणून दाखवली, तिथे थांबले, मग डोक्यावर नेली. बांबूच तो. तरीही क्षणभर तोंडाला कोरड पडली, आणि मी पाणी मागितलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. चुनखडीच्या खाणींची पांढरी धूळ दोन्ही बाजूंच्या झाडांवर बसली होती. मला अलीकडे, भिलाईत पॉवर हाउसच्या थांब्यावर उतरायचं होतं. कंडक्टरने हलवून उठवलं तेव्हा बस दुर्गच्या स्टँडवर उभी होती, रिकामी झालेली. तो म्हणाला, दीदी, बहुत आवाज दिया, आप उठी ही नहीं. मी पर्स खांद्याला लावली आणि भिलाईकडे जाणारी गाडी कुठून सुटते ते त्याला विचारलं.