अंदमानचा ढेकण्या

आमच्या घरात माझ्या आधी कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. वडील दुधनीच्या बाजारात पोती वाहायचे. पाठ गेली तसे सोलापूरला आले आणि गिरणीत झाडू मारू लागले. आई वाया गेलेला कापूस निवडायची. भाकरी दोन्ही वेळेला असायची, कोरड्यास एकाच वेळेला. त्यातून मी पुण्याला जाऊन प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पण पदवी घेऊन परत आलो तेव्हा नोकरी नव्हती, आणि शेजारच्या नरसय्यामामांनी पहिल्याच आठवड्यात माझी परीक्षा घेतली.

मामा विणकर. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच मराठी. तरुणपणी हातमागाचं काम बसलं म्हणून ते अंदमानला लाकडाच्या खात्यात गेले. तोडायची झाडं मोजायची आणि त्यांच्यावर चुन्याची खूण करायची, हे त्यांचं काम. बारा वर्षांनी परतले ते हिवताप, त्याने पोटात फुगलेली पाणथरी आणि एक पत्र्याचा डबा घेऊन.

"बीएस्सी झालास म्हणं," डबा माझ्यापुढे उघडून ते म्हणाले. "मग हे काय हाय, सांग की."

आत कापसावर पाच वाळलेले किडे होते. नखाएवढे, पाठीवर त्रिकोणी ढाल, दोन्ही खांद्यांना काटे.

"ढेकण्या. झाडावरचा. हात लावला की घाण वास सोडतो."

"ते आमच्या राजम्मालाबी ठाऊक हाय. नाव सांग."

मला येईना. आतून राजम्मामामी म्हणाल्या, "लोकं तिकडनं मोती आणत्यात. ह्यांनी ढेकूण आणला. आमच्या खाटंत कमी हुते जणू."

मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "आजारी हुतो तवा मच्छरदाणीवर चढला हुता. बाहेरच्या झाडावर अजून घावले. तितल्या साहेबाला दावला. साहेब म्हणाला, ह्याला कुणी नाव दिलेलं न्हाय. द्यायचं तर अंगावरचं समदं लिहून छापायला लागतंय. मला इंग्रजी कुटं येतंय? तू लिही. मी हाय तवर व्हायला पायजे."

माझ्या प्राध्यापकांनी या किड्यांवरचा जाडजूड ग्रंथ टपालाने पाठवला. आम्ही महिनाभर ताडून पाहिलं. त्यातल्या एकाशीही आमचा ढेकण्या जुळला नाही. तेव्हा मलाही हुरूप आला. माझ्या घराण्यात कोणी सहीसुद्धा केली नव्हती, आणि मी एका प्राण्याचं पहिलं वर्णन लिहिणार होतो.

पहिल्याच दिवशी मामांनी पाचही किडे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर चिकटवले. इतके सरळ की आमच्या प्रयोगशाळेत कोणाला जमलं नसतं. मग रोज सकाळी खिडकीशी बसायचं. कापडातलं सूत मोजायची काच ते डोळ्याला लावायचे आणि बोलायचे, मी लिहायचो. पाठीवर सुईने टोचल्यासारखे खड्डे होते, ते त्यांनी रांगेरांगेने मोजले. मी 'तपकिरी' लिहिलं की विचारायचे, "कसला तपकिरी? चिंचोक्याचा का गुळाचा?" एकदा मिशीच्या सांध्यांची लांबी मी ग्रंथातल्या जवळच्या जातीवरून उतरवली. त्यांनी कागद परत माझ्यापुढे सरकवला.

"त्यो पुस्तकातला. ह्यो आपला. बघितलं न्हाय ते लिहू नगंस."

मी खोडलं. तिसरा सांधा खरोखरच लांब निघाला.

होळीपर्यंत अकरा पानं झाली. ती एका म्युझियमला पाठवली. मामांनी डब्याला फडकं बांधलं आणि उतरंडीवर ठेवला. उत्तर येईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, असं घरात बजावलं. उत्तर पावसाळा सरता सरता आलं. वर्णन उत्तम आहे, जात नवी दिसते, किडे पाठवा, ते पाहिल्याशिवाय नाव देता येत नाही.

मामांनी स्वतः फडकं सोडलं. आत भुसा होता. पुठ्ठ्यांवर पाय चिकटलेले होते, वर किडे नव्हते. भुशातून दाण्यासारखे बारीक जीव पळत होते. एका किड्याची नुसती पाठ उरली होती, डोकं नाही, पोट नाही.

"मामा, कशानं चिकटवले होते?"

"खळीनं," ते म्हणाले. "आनि कशानं?"

सुताला लावतात ती पिठाची खळ. विणकराच्या घरात चिकटवायला दुसरं काय असणार? आणि ओल धरलेल्या पिठाला कीड लागते, हे मला शिकवलेलं होतं. सहा महिने मी त्या पुठ्ठ्यांकडे पाहत होतो, एकदाही विचारलं नाही. मामांनी चूक स्वतःवर घेतली. ती माझी होती.

मामांनी अंदमानातल्या जुन्या सोबत्याला पत्र घातलं, त्याच झाडावरचे ताजे किडे पाठव म्हणून. दिवाळीनंतर त्याचं कार्ड आलं. मीच वाचून दाखवलं. ते बेट साफ झालं होतं. ती झाडं मामा परतले त्याच साली तोडली, आसपास पुष्कळ शोधलं, तसा किडा कुठे दिसत नाही.

मामांनी कार्ड माझ्या हातातून घेऊन पालथं ठेवलं. मग म्हणाले, "मीच मोजून दिलती की ती झाडं. चुना मीच लावला."

त्या थंडीत ताप पुन्हा आला. मी रोज जाऊन बसायचो. किड्याचं नाव त्यांनी परत काढलं नाही. मी एकदा काढलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझं बघ आता." संक्रांतीच्या आधी ते गेले. राजम्मामामींनी सूत मोजायची काच मला दिली. डबा त्यांनी चुलीत रिकामा केला, पण आतली पाठ मी आधीच काढून घेतली होती.

ती मी म्युझियमला पाठवली. त्यांनी कळवलं की एवढ्यावर नाव देता येणार नाही, पण ठेवून घेत आहोत. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागलो. पहिल्या पगारावर आगगाडीने जाऊन ती पाहून आलो.

अकरा पानं छापली गेली नाहीत. ढेकण्याला नाव मिळालं नाही. म्युझियमच्या एका खणात टाचणीला एक पाठ लावलेली आहे, आणि तिच्या खालच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं आहे : अंदमान, गोळा करणार नरसय्या, सोलापूर.