बोटीच्या बुडातला कॉक

उघडा कॉक पाहिला आणि माझ्या मेहुण्यांनी तो बंद केला नाही, असं त्यांच्या उभ्या आयुष्यात एकदाही घडलेलं नाही. कॉक कुणाचा आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. शेजाऱ्याचा असो, लग्नाच्या हॉलमधला असो, नाहीतर सरकारी बागेतला. लोक पाहुणे म्हणून आले की चपला काढतात, पाणी पितात, तब्येतीची चौकशी करतात. हे चपला पायात ठेवूनच घराला वळसा घालून मागच्या दारी जातात, टाकीखालचा कॉक करकचून आवळतात आणि मग हात पुसत पुढच्या दारानं आत येतात. आमची ही त्यांची सख्खी धाकटी बहीण, पण तिचीही गय नाही. गेल्या दिवाळीत डोक्याला साबण लावलेली ती न्हाणीघरातून ठणाणा करत होती, आणि हे सोफ्यावर मांडी घालून मला सुनावत होते, "दाजी, टाकीचा कॉक सताड उघडा होता. तुमच्या घरात कुणाचं लक्षच न्हाय." लक्ष नाही म्हणे! अहो, माणसं राहतात त्या घरात, आंघोळी करतात!

आता त्यांची बाजूही सांगतो, नाहीतर ही म्हणेल की माझ्या भावाबद्दल वाईटच तेवढं लिहिलंत. मेहुण्यांचा जन्म बेळगावातल्या अनगोळातला. त्यांच्या लहानपणी नळाला आठ-आठ दिवस पाणी यायचं नाही, आणि यायचं ते भलत्या वेळी. "नळ आला" अशी हाक ऐकली की सगळी गल्ली कळश्या घेऊन धावायची. त्या घरात कॉक उघडा टाकणं म्हणजे तांदळाचं पोतं रस्त्यावर ओतणं. हे सगळं मला मान्य आहे. पण आता नळ रोज येतो, तरी यांच्या घरात पिंप भरलेलं, त्याच्याशेजारचं पिंप भरलेलं, बादल्या, घागरी, कुकर, थर्मास भरलेले. बाहेर पडायचं असलं की सगळे कॉक बंद करायचे, दार ओढायचं, आणि गल्लीच्या टोकापासून परत येऊन पुन्हा आवळायचे. बसस्टँडवर मी यांच्यासाठी किती गाड्या सोडल्यात! एवढं पाणी प्यायला घरात माणूस एक. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली आणि एकुलती एक लेक मंजू दुबईला.

त्यात यांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. म्हणजे आधीच दुराग्रह, त्याला शास्त्राचं पाठबळ. साधा फ्लश बिघडला तरी ते तुम्हाला उभं करून विचारणार, "पाणी वर का चढतंय? सांगा बघू. हवेचा दाब म्हंजे काय?" मी वकिली केलेला माणूस, कोर्टात उलटतपासण्या घेतल्या, पण यांच्यापुढं संडासाच्या दारात उभं राहून हवेचा दाब सांगितलाय. चुकलो तर "बसा" म्हणतात.

तर ही मंजू दुबईला गेली नोकरीला आणि तिथं पाण्यावर उभं राहायला शिकली. बोटीच्या मागं लाट उठते, त्या लाटेवर एक फळी टाकून उभं राहायचं. आधी हातात दोर असतो, तोल सावरला की तो सोडून द्यायचा आणि नुसत्या लाटेच्या जोरावर बोटीमागून जायचं. असा तो खेळ. ती तो शिकली, मग शिकवायला लागली, आणि या वर्षी रजा काढून आली ती साठवलेल्या पैशांतून एक जुनी बोट घेऊनच. हिडकलच्या जलाशयात तिला हा खेळ सुरू करायचा होता. काठावरच्या एका हॉटेलचे मालक म्हणाले, "आधी लाट दाखवा. आवडली तर माझा काठ तुमचा." लाट दिसली तर मंजू कायमची इथं राहणार, आणि नाही दिसली तर बोट विकून दुबईला परत. तिनं हे वडिलांना स्वच्छ सांगितलं होतं. "जाऊ दे की," मेहुणे मला म्हणाले, "पोरीनं कुठंबी ऱ्हावं, सुखात ऱ्हावं. मला काय करायचंय?" आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत हत्यारांची पेटी घेऊन माझ्या दारात हजर. गाडी माझी, पेट्रोल माझं, रविवार माझा!

कारण मेहुण्यांनी आतून-बाहेरून वाकून बघून बोट पाण्यात उतरवली होती, त्या दिवसापासून तिची लाट उठत नव्हती. त्या बोटीची मेख अशी, की सीटांखाली मोठ्या रबरी पिशव्या असतात. बोटीच्या बुडाला एक भोक, त्यातून पंप पाणी ओढतो आणि पिशव्या भरतो. बोटीचं बूड जड होऊन खाली बसलं की मागं लाट उभी राहते. पिशव्या रिकाम्या तर लाट नाही, नुसता फेस. मंजूनं बटण दाबलं की पंप घूं घूं करायचा आणि पिशव्या पापडासारख्या सपाटच. हॉटेलवाल्यांनी बोट चालवायला दिलेला माणूस दर वेळी हात झटकून म्हणायचा, "नीरू बर्तिल्ला, सर." पाणी येत नाही, हे आम्हालाही दिसत होतंच की!

मेहुण्यांना मुळात ही सगळी कल्पनाच अपमानास्पद वाटली. "बोटीतलं पाणी भाईर काढायचं असतंय," ते म्हणाले, "आणि तू आत भरायलीयास?" पण लेकीचा प्रश्न होता, तेव्हा ते भिडले. फ्यूज तपासला, वायर तपासल्या. जाळीत शेवाळ असेल म्हणून जाळी घासली, ती इतकी, की तिच्यात भात गाळावा. मग म्हणाले, पाइपात हवा अडकलीय. अनगोळातल्या कुठल्याही माणसाला यावर एकच उपाय ठाऊक असतो, पाइपाला तोंड लावून ओढायचं. यांनी ओढलं. पंपात अडकलेलं कधीचं काळं पाणी घशात गेलं आणि पुढचे दोन दिवस हिनं त्यांना ताक-भातावर ठेवलं. त्यानंतर पंप उघडला तर आतला रबरी पंखा कोरडा फिरून जळालेला. तो घ्यायला मला निपाणीपर्यंत पिटाळलं, कारण तिथल्या दुकानदाराला म्हणे यांनी सातवीत शिकवलं होतं. नवा पंखा बसवला. पुढच्या रविवारी तोही जळाला. मी भर उन्हात बोटीत उताणा पडून टॉर्च धरलाय, माझ्या नाकावर ग्रीस, आणि हे वरून विचारताहेत, "दाजी, पंप कोरडा का फिरतोय? विचार करून सांगा."

मंजूनं दुबईच्या आपल्या मित्राला फोन लावला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, बोटीच्या बुडातला कॉक उघडा आहे ना? मेहुण्यांनी तो फोन जवळजवळ हिसकावून घेतला. "मला कॉक विचारायलाय?" त्यांचा आवाज चढला. "उघडाच हाय! मी स्वतः वाकून बघितलोय!" समोरच्या बिचाऱ्यानं माफी मागितली. मीही मनात म्हटलं, या बाबतीत तरी यांच्यावर शंका नको.

असं करत मंजूची रजा संपत आली आणि शेवटचा रविवार उजाडला. हॉटेलचे मालक काठावर खुर्ची टाकून बसलेले. मंजूचं सगळं सामान अनगोळात बांधून तयार होतं, ते मी सकाळी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती हसून बोलत होती, पण मधेच जलाशयाकडं बघत राहायची. बोट मधोमध नेली. बटण दाबलं. घूं घूं. पिशव्या सपाट. मंजू नुसती सीटवर बसली आणि केस बांधायला लागली. ते मला बघवेना. मी रागारागानं पालथा पडलो, बुडावरची फळी उचकटली आणि आत डोकं घातलं. पाहतो तर कॉकची दांडी पाइपाला आडवी. म्हणजे बंद. करकचून बंद. तशी आवळणारा हात अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात एकच आहे.

"आण्णा!" मी ओरडलो. काठावरचे मालक उठून उभे राहिले, एवढा मी ओरडलो. "कॉक बंद आहे!"

"असंल," मेहुणे म्हणाले.

"असंल म्हणजे? तुम्ही फोनवर सांगितलंत उघडा आहे म्हणून! स्वतः वाकून बघितलंत म्हणून!"

"उघडाच होता की! म्हणून तर बंद केलो!"

कोर्टात असतो तर त्यांच्या या जबानीवर मी खटला जिंकला असता. पहिल्याच दिवशी या माणसानं तो कॉक उघडा असल्याची खात्री केली होती आणि खात्री झाली म्हणून बंद केला होता! दोन पंखे जाळले, माझे रविवार जाळले, पाइप तोंडानं ओढला! "अहो, तुम्हाला शास्त्र कळतं ना?" मी म्हटलं. "पाणी येणार कुठून मग? सांगा बघू!"

मेहुणे उचकटलेल्या फळीपाशी टेकले. खाली बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ध्यानातच आलं न्हाय, दाजी. बोटीच्या बुडाला भोक, आणि वर माझी पोर. उघडं दिसलं की हात जातोय."

मंजू उठली. मला वाटलं आता ती चिडेल. हक्कच होता तिचा. ती वडिलांच्या शेजारी खाली बसली आणि म्हणाली, "आप्पा, कॉक तुम्हीच उघडा. आणि मी पाण्यात असेपर्यंत हितंच बसा. काय झालं तर तुम्ही बंद करायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग वाकले आणि दांडी फिरवली. पंपाचा आवाज बदलला, जड झाला, आणि सीटांखालून पिशव्या फुगत वर आल्या. बोटीचं बूड खाली बसायला लागलं तसं मेहुण्यांनी दुसऱ्या हातानं माझा दंड धरला. आज इतक्या दिवसांनीही तो दुखतो.

मंजू फळी घेऊन पाण्यात उतरली, दोर धरला, आणि बोट निघाली. आणि मागं लाट उठली, काय सांगू, हिरवीगार, कमरेएवढी, गुळगुळीत. मंजू फळीवर उभी राहिली.

"आण्णा, मागं बघा!" मी म्हटलं. त्यांनी बघितलं नाही. हात दांडीवर, नजर बुडाशी.

"पडली?"

"नाही हो. उभी आहे."

"दोर घट धरलीय न्हवं?"

"सोडला तिनं दोर."

त्यांनी दांडी आणखी घट्ट धरली. "सोडला?"

"सोडला. आणि उभी आहे, आण्णा."

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. डोळे पुसायला त्यांना एक हात हवा होता, तेव्हा माझा दंड सोडला. दांडीवरचा हात काही काढला नाही.

काठावर आलो तेव्हा मालक टाळ्या वाजवत होते. काठ मंजूला मिळाला. तिचं बांधलेलं सामान त्याच संध्याकाळी मी आणि हिनं सोडलं. पण ते नंतर. आधी मंजू ओल्या अंगानंच धावत वडिलांकडं आली. "आप्पा, कशी होती लाट?"

"लई झकास होती," मेहुणे म्हणाले. जन्मभर मुलांना खोटं बोललं म्हणून उठाबशा काढायला लावणारा माणूस!

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी नजर चुकवली. मग तिनं त्यांचा उजवा हात हातात घेतला. तळव्यावर दांडीचा लाल वळ उठला होता. ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली आणि म्हणाली, "व्हय की न्हाय? आणि मी दोर सोडल्यावर?"

"तवा तर लईच," ते म्हणाले.