तितरवाल्या मॅडमची कच्ची गाठ

पाठीवर दोन किलो ज्वारीची थैली बांधून एक बाई दिवसभर टावर चौकात हिंडली होती. लोक हसत होते. मी विचारलं तर म्हणाल्या, "काका, तितराच्या पाठीवर यंत्र बांधायचंय. त्याला जेवढं ओझं, तेवढंच माझ्या अंगाच्या मानाने ही ज्वारी. आधी मला टोचू दे."

या आमच्या तितरवाल्या मॅडम. रानतितर कुठे फिरतात, कुठे अंडी घालतात, हे रेडिओच्या यंत्राने शोधायला परवानगी घेऊन आलेल्या. तितर धरायला मी. माझे आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात जाळी लावायचे. शाळा मी चौथीत सोडली, पण आमच्या घरची गाठ आजवर सुटलेली नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो.

मॅडमना मात्र सुटणारी गाठ हवी. यंत्राच्या पट्ट्यात एका जागी साधा सुती दोरा. पावसापाण्याने तो कुजणार आणि यंत्र आपोआप गळणार. मी बांधलं की त्या पट्ट्याखाली करंगळी घालून बघायच्या. "घट्ट आहे, काका. थोडा ढीला करिए." नाराज झाल्या की त्यांची हिंदी सुरू व्हायची.

पडायचंच असेल तर बांधायचं कशाला? मला ते पटेना. एका तितराला मी गुपचूप नायलॉनचा दोरा घातला.

दिवाळीपर्यंत बाकी सगळी यंत्रं गळाली. त्या एकाचं गळेना. रेडिओवर त्याची टिकटिक ऐकत मॅडम वही चाळायच्या. "माझाच हिशोब चुकला का हो?" तिसऱ्या दिवशीही हेच विचारलं तेव्हा मी नायलॉनचं सांगून टाकलं.

त्यांनी चहा खाली ठेवला. "सर्दी में वो मोटा होगा, काका. पट्टा अंगात रुतेल." मग उठल्या. "चला, जाळी घ्या."

नऊ दिवस आम्ही त्याच्या मागे होतो. एक टोमणा नाही. सापडला तेव्हा पंखाखालचं कातडं सोललेलं होतं. कात्री त्यांनी माझ्या हातात दिली. "गाठ तुमची आहे." मी कापली. तितर झुडपात शिरला.

वरच्या साहेबांना त्यांनी लिहिलं, "आमच्याकडून चूक झाली." आमच्याकडून. माझं नाव कुठेच नाही.

काम संपलं तेव्हा देवास गेटच्या बसअड्ड्यावर मीच त्यांना बसमध्ये बसवलं. आभार मानायचे राहून गेले. आता गाईला दावं बांधताना करंगळी घालून बघतो. सून म्हणते, "बाबा, सुटेल ती."

सुटली तर धरून आणीन. धरता येतं मला.