बाहेरच्याने आधी वळायचं

पुनावळ्यात आमच्या सोसायटीत हवाई दलातून निवृत्त झालेले एक वैमानिक राहतात. सकाळी आम्ही दोघे सर्व्हिस रोडने फिरायचो. ते माझ्यापासून चार हात लांब, पण अगदी एका रेषेत चालत. लढाऊ विमानं अशीच उडतात म्हणे. वळताना वळणाच्या बाहेरच्या बाजूचा आधी वळतो, आतल्याच्या मागून पलीकडे जातो, मग आतला वळतो. दोन्ही तळहात एकमेकांना ओलांडून ते दाखवत.

"वळणारा मागं बघत नाही, काका. ते जोडीदाराने बघायचं. दिसत नसेल तर लगेच ओरडायचं. लाजून गप्प बसला, तो खुनी!"

रस्ता ओलांडताना ते विचारत, "मागं मोकळं?" आणि माझ्या "मोकळं"वर बिनधास्त वळत.

माझे मोतीबिंदू वाढले होते. त्यांच्यापुढे म्हातारा ठरायची लाज वाटे, म्हणून मी ते लपवलं. त्या दिवशी मला मागे नुसतं धुरकट दिसलं, तरी मी "मोकळं" म्हणालो. ते वळले आणि टेम्पोने त्यांना उडवलं. पाय मोडला.

दवाखान्यात त्यांचा मुलगा माझ्यावर चिडला, तेव्हा ते म्हणाले, "काकांनी बघितलं होतं रे. मीच वळायला उशीर केला." मी मान डोलावली.

आता प्लास्टर निघालंय. काल हसत म्हणाले, "उद्या सहाला खाली या, काका. आता तुम्हीच माझे डोळे."

रात्रभर जागून मी हे सगळं लिहून काढलं. सहा वाजायच्या आत हा कागद त्यांच्या हातात द्यायचा आहे.